मुठीतलं लिंबू

शेखरनं दोन सीटांच्या मधून मागे डोकं खुपसलं, डोळे मिटले आणि नाकानं लांब श्वास ओढला. पुंजाराम पाना हातात धरून बाजूला उभा होता.

“येतोय?”

शेखरनं आणखी एकदा श्वास घेतला. “येतोय बहुतेक.”

“बहुतेक म्हंजी?”

“म्हणजे मला नीटसं कळत नाही हो. तीस वर्षं टूलरूममध्ये मशिनच्या तेलाचा धूर घेतला. नाकात काही शिल्लक असेल असं वाटत नाही.”

“मंग कशापायी हुंगता?” पुंजारामनं पाना टेबलावर टाकला. “चाळीस वर्सं झाली मला गॅरेज टाकून. लोक गाडी बघत्यात, इंजिनाचा आवाज ऐकत्यात, गेलाबाजार टायरला एक लाथ मारून बघत्यात. वास घेणारं गिऱ्हाईक पयल्यांदाच बघतोय.”

शेखरनं पिशवीतून धुतलेला पांढरा नॅपकिन काढला, घडी मोडली आणि डावीकडच्या सीटवर पसरला. मग दोघांनी मिळून गाडीवर ताडपत्री ओढली आणि तिच्या कडा विटांनी दाबल्या. उद्या दुपारी तो येणार, नॅपकिन काढून स्वच्छ डब्यात भरणार आणि घरी नेणार, हे पुंजारामला आता पाठ झालं होतं. का, ते त्यानं विचारणं सोडून दिलं होतं. सिन्नरकडचा माणूस, दुसऱ्याच्या खुळाला फार छेडू नये एवढं त्याला कळत होतं.

गाडी होती एकोणीसशे सदुसष्ट सालची, इंग्लंडात बनलेली, दोन दारांची, दोन सीटांची आणि वरून उघडी. नाव स्पिटफायर. पुंजारामनं पहिल्याच दिवशी तिचं ‘इस्पीट’ करून टाकलं. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये ती बावीस वर्षं पडून होती. बंगला विकायला निघाला तेव्हा वारसांना ती अडचण झाली, आणि भंगारवाल्याच्या आधी शेखर तिथं पोहोचला. डिकीत कोंबडी अंडी घालत होती. चाकं कुणीतरी केव्हाच काढून नेली होती. कापडी टप उंदरांनी खाल्ला होता. आणि तरी पुढचं अख्खं नाक, म्हणजे बॉनेट, एका हातानं वर उचललं की आतलं इंजिन जागच्या जागी, पूर्ण होतं. ते बघून टूलरूममधून नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाचं जे व्हायचं ते झालं.

टेंपोवरून गाडी आधी पाथर्डी फाट्यावरच्या घरी आली होती. नवं वाहन दारात आलं की त्याची पूजा होते, चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडतात, मगच गाडी कामाला लागते. शेखरला वाटलं, बायको आशा पूजेचं ताट घेऊन येईल. आशा आली, पण पदराला हात पुसत.

“हिला टप कुठंय?”

“कापडी असतो. उंदरांनी खाल्ला.”

“आणि चाकं?”

“येतील.”

आशानं गाडीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. “चाकंच नाहीत, तर लिंबं कशाखाली ठेवू?” एवढं म्हणून ती आत गेली. जरा वेळानं स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. ती बहिणीशी फोनवर बोलत होती, आणि शेखरला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होती. त्यात ‘म्हातारचळ’ हा शब्द दोनदा आला.

तिचं काही चूक नव्हतं. साठीला टेकलेल्या माणसानं बिनटपाची गाडी घ्यायची म्हणजे एक तर ती वरातीला भाड्यानं द्यायची, नाहीतर लोकांना हसायला द्यायची. खरं कारण शेखरनं तिला सांगितलंच नव्हतं.

कारण असं होतं की आशाला गाडी लागायची.

तशी ती पुष्कळांना लागते. पण आशाचं लागणं आमच्या-तुमच्यातलं नव्हतं. नामपूरहून ती लग्न होऊन निघाली तीच बंदिस्त जीपमध्ये डोकं धरून, आणि भावडबारीच्या घाटात जीप थांबवावी लागली. रस्त्याच्या कडेला शालू सावरत ओकणाऱ्या नवरीचं कपाळ शेखरनं धरलं होतं. बोहल्यावर हातात हात दिला तो भटजींनी सांगितलं म्हणून. आपणहून त्यानं तिला हात लावला तो तेव्हा, पहिल्यांदा. त्यानंतर तीस वर्षं प्रत्येक माहेरवारी अशीच. आदल्या रात्रीपासून उपास, मुठीत हुंगायला लिंबू, पर्समध्ये पाच प्लास्टिकच्या पिशव्या, एसटीची खिडकी. नामपूरला पोहोचली की दोन दिवस आतल्या खोलीत पडून. तिची आई, भागीबाई, लेक येणार म्हणून चुलीवर शेवभाजी रटरटत ठेवायची. ती बाकीचे खायचे आणि आशा ताक पीत भिंतीकडे तोंड करून पडायची. लिंबू हुंगून काही फायदा होत नव्हता. पण ते नसेल तर ती उंबरठा ओलांडायची नाही.

तीन वर्षांपूर्वी मात्र सटाण्यात तिला सलाईन लावावं लागलं. रक्तदाब पार खाली गेला होता. उलटीच्या गोळ्या घेतल्या तरी जायचा, नाही घेतल्या तरी जायचा. डॉक्टरांनी शेखरला बाजूला घेऊन सांगितलं, असा प्रवास पुन्हा करायचा नाही. तेव्हापासून नामपूर बंद. भागीबाई आता शहाऐंशीची. तिला ओट्याच्या पलीकडे जाणं होत नाही, नाशिकला येणं तर दूरच. उरला तो फोन. रोज संध्याकाळी सात वाजता आशाची वहिनी, मैना, म्हातारीसमोर मोबाईल धरायची. म्हातारीला मोतीबिंदू. पडद्यावर तिला नुसता उजेड दिसायचा.

“माले काहीच दिसस नई वं,” ती म्हणायची. “तू कवय येशी ते सांग.”

“येईन गं माय,” आशा म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तो पुसत बसायची.

आता स्कूटरवर आशाला कधीही काही झालं नव्हतं. रिक्षातही नाही. गाडीला दार-खिडक्या आल्या, आतला कोंडलेला वास आला की तिचं सुरू व्हायचं. हे शेखरच्या लक्षात यायला तेहतीस वर्षं लागली, याची त्याला मनापासून लाज वाटली. स्कूटरवरून सव्वाशे किलोमीटर जाणं तिच्या कमरेला झेपणारं नव्हतं. रिक्षा पिंपळगावपर्यंत करून पाहिली, तेवढ्या हादऱ्यांनी ती आठवडाभर वाकून चालत होती. उघडी जीप बघितली, तर तिच्यात डिझेल इंजिन बसवलेलं. तिचा वास शेखरच्या मेलेल्या नाकालाही आला. मग ही दिसली.

तिला सांगितलं असतं तर तिनं गाडी घेऊच दिली नसती. आणि घेतल्यावर सांगितलं असतं, आणि तरीही ओकारी झालीच असती, तर तो सगळा खर्च तिनं आपल्या डोक्यावर घेतला असता. त्यापेक्षा म्हातारचळ बरा. शिवाय खरं बोलायचं तर अर्धंच कारण आशा होती. उरलेलं अर्धं त्या वर उचलल्या जाणाऱ्या नाकात होतं, आणि तेही शेखरला ठाऊक होतं.

गाडी उभी करायचं काम तसं पुंजारामच्या हातचं होतं. मालेगावच्या भंगारात त्याच जातकुळीच्या जुन्या गाड्यांचे सांगाडे मिळाले, त्यांतून ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि चार चाकं निघाली. जे मिळालं नाही ते शेखरनं अंबडमधल्या जुन्या सोबत्यांच्या लेथवर स्वतः कातलं. रंग ट्रॅक्टरचा निळा दिला, कारण तो एका दुकानात उरलेला होता. कागदपत्रांचं एक वेगळंच महाभारत झालं, ते इथं नको.

पण पुंजारामला कळेना, की हा माणूस जिथं पैसे वाचवायचे तिथं वाचवत नाही आणि जिथं घालायचे तिथं घालत नाही. सीटांसाठी रेक्झिनचे नमुने आणले, तर शेखरनं एकेक नाकाला लावून परत केले. शेवटी भद्रकालीतल्या गादीवाल्याकडून सावरीचा कापूस आणि गादीपाटाचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड घालून सीटा भरून घेतल्या. निळ्या विलायती गाडीत त्या अशा दिसत होत्या, की पुंजारामनं गिऱ्हाइकं आली की गाडीवर ताडपत्री टाकायला सुरुवात केली. रंग दिल्यावर महिनाभर गाडी उन्हात ठेवायला लावली, म्हणजे रंगाचा वास उडून जाईल. आणि टप की पेट्रोलची नवी टाकी, पैसे एकालाच पुरतील एवढाच प्रश्न उरला तेव्हा शेखरनं टाकी म्हटलं.

“टप नको?” पुंजाराम म्हणाला. “पाऊस आला तर?”

“थांबू कुठंतरी.”

“जुनी टाकी झाळून, डाग मारून चालंल की. गळत तर नाय.”

“गळत नाही, पण पाझरते. सीटच्या बरोबर मागे आहे ती.”

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून स्टीलची नवी टाकी बनून आली. नळ्या नव्या घातल्या. झाकणाचं वॉशर शेखरनं तीनदा बदललं. टपासाठी बाजूला काढलेले सगळे पैसे त्यात गेले. आणि मग नॅपकिन सुरू झाले.

ती टूलरूमची सवय. डोळ्याला दिसत नाही ते मापानं बघायचं, आणि आपलं माप खराब असेल तर चांगलं माप शोधायचं. शेखरला ठाऊक असलेलं सगळ्यात तिखट नाक त्याच्याच घरात होतं. रात्रभर ताडपत्रीखाली सीटवर ठेवलेला नॅपकिन तो संध्याकाळी आशासमोर धरायचा.

“हा धुवायला टाकायचा का बघ गं. वास येतोय?”

आशा कणीक मळत असली तरी मान पुढे करायची. “पेट्रोल,” म्हणायची.

चार दिवसांनी, “पेट्रोल. आणि कसलंतरी रबर.”

आठवड्यानं, “आहेच अजून.”

तिनं कधी विचारलं नाही की हा नॅपकिन कुठला. शेखरला वाटलं, म्हातारचळाच्या खात्यात तिनं हेही जमा केलं असेल. डिसेंबर संपत आला तेव्हा एकदा तिनं नॅपकिन हातात घेतला, उलटसुलट करून हुंगला, पुन्हा हुंगला.

“काही नाही,” ती म्हणाली.

“नीट बघ.”

“काही नाही म्हटलं ना. कापसाचा येतोय थोडा.”

शेखर गच्चीवर गेला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून काही वेळ नुसता उभा राहिला. चल जरा सोमेश्वरापर्यंत चक्कर मारू, एवढं आशाला म्हणायला मात्र त्यानं आठ दिवस घेतले. त्यावर ती म्हणाली, “मला लोकांत हसू करून घ्यायचं नाही.” झालं. गाडी घरासमोर आली, निळी, पट्ट्यापट्ट्यांच्या गाद्यांची, आणि तशीच उभी राहिली. शेजारची पोरं तिच्याबरोबर फोटो काढून गेली. आशा दूध घ्यायला जाताना तिला वळसा घालून जायची.

मकरसंक्रांत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला फोन लागला. मैनानं म्हातारीसमोर धरला. आशानं तिळगुळाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. भागीबाईनं उत्तरं दिली. थंडी फार शे, म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “बरं, ठेवू का मग?” आणि मैनानं फोन ठेवला.

आशा तशीच बसून राहिली. शेखर टीव्हीसमोरून बघत होता.

“काय गं?”

“आज तिनं विचारलं नाही,” आशा म्हणाली.

“काय?”

“कधी येणार ते.”

ती उठून आत गेली. त्या संध्याकाळी तिनं फोन पुसला नाही. भांडी आवरून झाल्यावर ती दारात आली आणि बाहेर बघत म्हणाली, “तुमची ती गाडी चालते का?”

“चालते.”

“भावडबारी चढेल?”

“चढेल.” मग त्याला वाटलं की हे फार मोठ्यानं बोललो. “चढायला हवी,” तो म्हणाला.

“नामपूरला काही कळवायचं नाही. मागं दोनदा चांदवडवरून परत फिरलो तेव्हा ती दिवसभर वाट बघत बसली होती.”

“नाही कळवत.”

सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा ते निघाले. आशानं स्वेटरवर शाल घेतली होती आणि कानांवरून स्कार्फ घट्ट बांधला होता. गाडी इतकी बुटकी की तिला पाटावर बसल्यासारखं आधी बसून मग पाय आत घ्यावे लागले. पर्समध्ये पिशव्या होत्या, शेखरनं मोजल्या नाहीत. चहासुद्धा तिनं घेतला नव्हता. उजव्या मुठीत लिंबू होतं.

आडगाव सुटलं, ओझर गेलं. शेखरनं काटा पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. थंड वारा तोंडावर येत होता आणि दोन्ही बाजूंना द्राक्षबागांवर धुकं होतं. तो दर मिनिटाला डावीकडे बघत होता.

“रस्त्याकडं बघा,” आशा डोळे न उघडता म्हणाली.

पिंपळगावच्या टोलनाक्यावर रांग होती. शेखरनं गाडीतला एकूण एक वास काढला होता. दुसऱ्यांच्या धुराचा विचारच केला नव्हता. गाडी जमिनीपासून वीतभर, आणि पुढच्या ट्रकचा सायलेन्सर नेमका तिच्या तोंडासमोर. काळा भपकारा आला तो सरळ आशाच्या अंगावर. तिनं शाल नाकावर दाबली. मूठ शालीच्या आत गेली. सहा महिने आपण नाकासमोरचंच बघत राहिलो, शेखरला वाटलं. टप असता तर निदान काच वर केली असती. मग त्याला आठवलं, की काच वर केली की संपलंच. त्यानं हॉर्न वाजवला, उगाचच, आणि पुढचा ट्रक हलेपर्यंत स्वतःचा श्वास रोखून धरला, जणू त्यानं काही होणार होतं.

“परत फिरू या का?” नाका ओलांडल्यावर त्यानं विचारलं.

आशानं मान हलवली. हो की नाही ते त्याला कळलं नाही. तो पुढे जात राहिला.

चांदवडच्या अलीकडे सोग्रस फाट्याला ते डावीकडे वळले. इथून रस्ता तिच्या ओळखीचा. रांगड्या कांद्याची काढणी चालू होती; शेतांत गुलाबी ढीग लागले होते आणि ट्रॅक्टर भरभरून बाजाराकडे निघाले होते. हवेला ओल्या कांद्याचा उग्र वास होता. शेखरला तोही कळला नाही, त्याला फक्त आशाचं नाक जरासं फुललेलं दिसलं. चांगलं की वाईट, कोण जाणे. मग घाट सुरू झाला. पहिलं वळण. दुसरं. इस्पीट दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढत होती. आशाचा चेहरा स्कार्फमध्ये नाकापर्यंत बुडालेला. वर पोहोचायला एक वळण बाकी असताना तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

“थांबवा.”

त्यानं गाडी कडेला घेतली. जीप थांबली होती ती जागा हीच, की शंभर पावलं पुढची, ते आता सांगता येणार नव्हतं. त्यानं हातब्रेक ओढला. आशानं आपलं आपण दार उघडलं, पाय बाहेर काढले, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि गाडीच्या पुढे जाऊन वाकली. तिची पाठ तेवढी दिसत होती.

शेखर पाण्याची बाटली घेऊन उतरला. संपलं, त्याला वाटलं. अजून सटाणा, अजून त्यापुढचा रस्ता. आणि परत फिरायचं तर तोच टोलनाका, तेच ट्रक. तिला सलाईन लावायला लागली तर कुठं न्यायचं ते तो मनातल्या मनात ठरवू लागला. जवळ जाऊन त्यानं तिच्या कपाळाकडे हात नेला, तेहतीस वर्षांपूर्वी नेला होता तसा.

“काय करताय?” आशा म्हणाली. “सरका, उजेड अडतोय.”

ती ओकत नव्हती. डाव्या चाकासमोरचे खडे तिनं हातानं बाजूला केले होते आणि मुठीतलं लिंबू टायरला टेकवून ठेवत होती. ते बाजूला घरंगळत होतं. तिनं त्याच्या कडेला एक खडा लावला, मग हात झटकले.

“आता चाकं आहेत,” ती म्हणाली.

शेखर बाटली हातात धरून उभा राहिला.

“एकच आणलं होतं. उरलेल्या तीन चाकांचं नामपूरला बघू.” तिनं उठायला हात पुढे केला. त्यानं तो धरला. “धुतलेला नॅपकिन परत धुवायला कोण देतं हो? रोज आपलं माझ्या नाकासमोर. एवढी का मी खुळी आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात?”

शेखरनं बाटलीचं झाकण उघडलं आणि ते पाणी स्वतःच प्यायला. अर्धी बाटली संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाय हलके झालेत आणि आपल्याला हसू येतंय. आशा पाटावर बसल्यासारखी गाडीत बसली, पाय आत घेतले, स्कार्फ सोडून मांडीवर ठेवला. तिचे केस पार विस्कटले होते. चेहरा थंडीनं लाल झाला होता, पण पांढरा पडला नव्हता. अशी ती त्याला घाटात कधी दिसलीच नव्हती.

“हळू घ्या. वरून गेलं पाहिजे,” ती म्हणाली आणि दारावरून वाकून खाली बघू लागली.

शेखर स्टिअरिंगवर बसला, पहिला गिअर टाकला आणि ब्रेक सोडला. गाडी बोटभर पुढे सरकली, जराशी अडली आणि लिंबावरून गेली. त्याचा वास वर आला. तो शेखरलासुद्धा आला.

शेवटच्या वळणावर आशानं पर्समधून पिशव्या बाजूला सारून मोबाईल काढला. मैनानं उचलला.

“वहिनी, मायजवळ दे.”

“काय झालं? या वेळेला?” मैनाचा आवाज घाबरलेला होता. “माय, आशाताईंचा शे.”

“माय,” आशा वाऱ्यावरून ओरडून म्हणाली, “मी जेवाले येस.”

पलीकडून भागीबाईचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

“कवय?”

“आज. भावडबारी चढी ऊनू.”

“ताक करी ठेवू का?”

आशानं शेखरकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता. निदान तसं दाखवत होता.

“ताक नको,” ती म्हणाली. “शेवभाजी कर. तिखट.”